फुलराणी, होस्टेल आणि मी



मराठी विभागात माझं नाव बघून काही जण हसतील, हे मला माहीत आहे. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी माझ्यासाठी फक्त एक पेपर होता, आणि तोही शेवटच्या रात्री गाईड वाचून दिलेला. तरीपण हा लेख मराठीतच लिहायचा असं ठरवलं. का, ते शेवटी कळेल.

झालं असं की गॅदरिंगच्या आधी आमच्या गर्ल्स होस्टेलमध्ये मीटिंग भरली. नाटक कोणतं करायचं? अर्ध्या मुली म्हणाल्या, इंग्लिश पिक्चरसारखी मस्त कॉलेज लव्हस्टोरी करू. बाकीच्या म्हणाल्या, इंग्लिश पिक्चरची कॉपी कशाला? मी मध्येच बोलून गेले, "अगं, ते पिक्चर स्वतःच जुन्या पुस्तकांची कॉपी आहेत!" कोणाचाच विश्वास बसेना. मग मी यादी करायला बसले, आणि सबमिशन बाजूला ठेवून पंधरा दिवस हाच अभ्यास केला. तो तुमच्यासमोर मांडते.

जुनी गोष्ट नवी कशी करतात?

पहिलं उदाहरण 'क्लूलेस' (१९९५). मूळ पुस्तक जेन ऑस्टिनची 'एमा' ही कादंबरी, १८१५ सालची. एमा ही एका लहानशा इंग्लिश गावातली श्रीमंत मुलगी. दुसऱ्यांची लग्नं जुळवायचा तिला भारी नाद, आणि तिचा अंदाज दर वेळी चुकतो. दिग्दर्शिका एमी हेकरलिंगने तिला उचलून बेव्हर्ली हिल्सच्या हायस्कूलमध्ये आणून बसवलं आणि तिचं नाव ठेवलं शेर. गोष्ट जमली, कारण त्या गावात कोणी कोणाच्या घरी चहाला जायचं याचे जे अलिखित नियम होते, तसेच नियम हायस्कूलच्या कॅन्टीनमध्येही असतात. कोण कोणाच्या टेबलवर बसणार, हे सगळ्यांना न सांगता माहीत असतं. (आपल्या मेसमध्येही असतं. नाही म्हणू नका.)

दुसरं, 'टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू' (१९९९). मूळ शेक्सपिअरचं 'टेमिंग ऑफ द श्रू'. नाटकात बापाची अट असते की भांडखोर थोरलीचं लग्न झाल्याशिवाय धाकटीचं होणार नाही. सिनेमात अट एवढीच, की थोरली मुलांबरोबर फिरायला गेली तरच धाकटीने जायचं. शाळेचं नाव पाडुआ, कारण शेक्सपिअरचं नाटक पाडुआ शहरात घडतं. मुलींचं आडनाव स्ट्रॅटफर्ड, कारण ते शेक्सपिअरचं गाव.

तिसरं, 'शी इज द मॅन' (२००६). मूळ 'ट्वेल्फ्थ नाइट'. त्यात व्हायोलाचं जहाज फुटतं आणि परक्या देशात ती पुरुषाच्या वेशात राहते. सिनेमात जहाज नाही. शाळेने मुलींची फुटबॉल टीम बंद केली, म्हणून व्हायोला भावाच्या नावाने दुसऱ्या शाळेत जाऊन खेळते.

आता यातून नियम काय निघतो? आपण इंजिनिअर, म्हणून आपल्या भाषेत सांगते. थेवेनिनचा सिद्धांत सगळ्यांना आठवत असेल (नसेल तर बॅकलॉग आठवा). मोठ्या सर्किटच्या जागी एक सोर्स आणि एक रेझिस्टन्स ठेवायचा. आतलं सगळं बदललं तरी चालतं, पण टर्मिनलवर लोडला तोच व्होल्टेज मिळाला पाहिजे. जुन्या गोष्टीचं तसंच आहे. गाव बदला, कपडे बदला, जहाजाच्या जागी फुटबॉल आणा. पण मूळ गोष्टीत माणसांच्या मध्ये जी भिंत होती, तिच्या तोडीची खरी भिंत नव्या जागी सापडली पाहिजे. नाहीतर गोष्ट नुसती फॅन्सी ड्रेस होते.

आपल्याकडे हे नवीन नाही

मला वाटायचं हे सगळं हॉलिवूडचं डोकं. पण मराठी रंगभूमीने हे सव्वाशे वर्षांपूर्वीच केलं होतं. 'ऑथेल्लो'वरून गोविंद बल्लाळ देवलांनी 'झुंझारराव' लिहिलं. त्यांच्याच 'संशयकल्लोळ'ची मुळं मोलिएर या फ्रेंच नाटककारापर्यंत जातात, आणि तरी फाल्गुनराव आपल्या आळीतलाच वाटतो. आणि 'टेमिंग ऑफ द श्रू'? ते तर एकोणिसाव्या शतकातच मराठीत आलं होतं. वासुदेवराव केळकरांचं 'त्राटिका'.

हे नाव नीट बघा. त्राटिका ही रामायणातली राक्षसी. म्हणजे भांडखोर मुलगी ही राक्षसीच, हा निकाल नावातच लागून गेला. आजही आपण बोलण्यात तो शब्द वापरतो. शंभर वर्षांनी 'टेन थिंग्ज'वाल्यांनी त्याच मुलीला हुशार, पुस्तकं वाचणारी, कोणाचं ऐकून न घेणारी दाखवलं, आणि प्रेक्षक तिच्या बाजूने झाले. गोष्ट एक, पण सांगणारा कोणाच्या बाजूला उभा आहे यावर सगळं अवलंबून.

ती फुलराणी

आता मुख्य विषयाकडे येते. जॉर्ज बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' १९१३ साली रंगमंचावर आलं. मूळ कल्पना त्याहून फार जुनी, रोमन कवी ओव्हिडच्या काव्यातली: एक शिल्पकार स्वतः घडवलेल्या पुतळ्याच्या प्रेमात पडतो. शॉने शिल्पकाराचा केला उच्चारशास्त्राचा प्रोफेसर हिगिन्स आणि पुतळ्याची केली फुलं विकणारी एलायझा. प्रोफेसर पैज लावतो की काही महिन्यांत हिचे उच्चार सुधारून हिला सरदार घराण्यातली बाई म्हणून खपवून दाखवीन. यावरून 'माय फेअर लेडी' ही संगीतिका १९५६ मध्ये आणि सिनेमा १९६४ मध्ये आला.

पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली हे नाटक मराठीत आणलं, ते 'ती फुलराणी'. फुलराणी हे नाव आपल्याला बालकवींच्या कवितेमुळे आधीच ओळखीचं. मंजुळेचं काम भक्ती बर्वेंनी केलं, प्रोफेसरचं सतीश दुभाषींनी. मंजुळेचं ते प्रोफेसरला धडा शिकवण्याचं स्वगत आजही एकपात्री स्पर्धांमध्ये दर वर्षी कोणी ना कोणी करतंच. २०२३ साली 'फुलराणी' नावाचा मराठी चित्रपटही आला, त्यात ही मुलगी कोळीवाड्यातली आहे.

पु.लं.चं कौतुक कशासाठी? लंडनमध्ये माणसाने तोंड उघडलं की त्याचा वर्ग कळायचा. ही मूळ भिंत. पु.लं.ना तिच्यासाठी नवी भिंत शोधावी लागली नाही, ती आपल्याकडे तयारच होती. 'शुद्ध' मराठी आणि 'अशुद्ध' मराठी. 'पाणी' म्हणणारा शिकलेला आणि 'पानी' म्हणणारा अडाणी, असं आपण एका क्षणात ठरवून टाकतो. म्हणून मंजुळा इंग्लंडहून आलेली वाटतच नाही.

याउलट 'शी इज ऑल दॅट' (१९९९) बघा. तीच पैज, पण हायस्कूलमध्ये. साध्यासुध्या मुलीला सहा आठवड्यांत प्रॉम क्वीन करून दाखवायचं. यात भाषा गेली, गरिबी-श्रीमंतीही जवळजवळ गेली. राहिलं काय, तर चष्मा आणि बांधलेले केस. चष्मा काढला, केस कापले, लाल ड्रेस घातला, झालं! ती मुलगी आधीपासून सुंदर आहे हे हॉलमधल्या सगळ्यांना दिसत असतं, फक्त सिनेमातल्या लोकांना दिसत नाही. टाइमपास म्हणून पिक्चर छान आहे, मी दोनदा बघितला. पण टर्मिनलवर व्होल्टेज मिळत नाही.

माझा प्रयोग

इथपर्यंत लिहून झालं आणि माझ्या लक्षात आलं की हिगिन्स दुसरीकडे शोधायची गरज नाही. तो आमच्याच खोलीत राहतो. म्हणजे मी.

माझी रूममेट लाखांदूर तालुक्यातली. घरी धानाची शेती. दहावीपर्यंत मराठी माध्यम. सर्किट्समध्ये ती माझ्यापेक्षा कितीतरी पुढे, माझ्या अर्ध्या असाइनमेंट तिच्या वहीतून झालेल्या आहेत. बोलते मात्र झाडीबोली. ण चा न, ळ चा र, श चा स. "सारेत होती तवा" असं ती म्हणाली की मला आधी वाटायचं साडीबद्दल बोलते आहे. तो शब्द होता 'शाळेत'.

थर्ड इयरला मॉक जीडी होतं. मी ठरवलं, हिला तयार करायचं. तिने सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं. रोज रात्री मेसनंतर तास. 'व्ही' असा म्हण, 'डब्ल्यू' असा म्हण, 'श' म्हण, 'ण' म्हण. मराठी बोलतानाही मी तिला अडवायला लागले. मला खरंच वाटत होतं की मी मदत करते आहे. मैत्रिणींना अभिमानाने सांगायचेही, "बघा, कशी बदलली!"

जीडीच्या दिवशी विषय निघाला ग्रामीण भागातली वीज. आमच्या ग्रुपमध्ये या विषयातलं सगळ्यात जास्त तिला माहीत होतं. तिच्या बांधीवरचा पंप किती वाजता चालतो आणि रात्रीच कशाला चालवावा लागतो, हे तिने मला वीस वेळा सांगितलेलं. ती पंधरा मिनिटं गप्प बसली. एक शब्द नाही. मी मात्र पेपरमधलं वाचलेलं घडाघडा बोलले आणि टाळ्या घेतल्या.

रात्री मी विचारलं, "बोलली का नाहीस?" ती कपड्यांची घडी करत होती. म्हणाली, "तू मले बोलनं नाही सिकवलं. चूप बसनं सिकवलं."

मग लाइट घालवून झोपली. मला झोप आली नाही.

शॉचं नाटक मी दुसऱ्यांदा वाचलं ते यानंतर. पहिल्यांदा सुटलेल्या दोन गोष्टी तेव्हा दिसल्या. एक, एलायझा शिकायला स्वतःच्या पायांनी येते. तिला फुलांच्या दुकानात नोकरी हवी असते आणि ती फी द्यायलाही तयार असते. तिची गरज साधी आणि स्पष्ट. पैज ही हिगिन्सची हौस. दोन, ती शेवटी म्हणते त्याचा अर्थ असा, की फुलवाली आणि बाईसाहेब यांतला फरक त्या कशा वागतात यात नसतो, लोक त्यांना कसं वागवतात यात असतो.

आणखी एक मजेची गोष्ट. प्रेक्षकांना हिगिन्स-एलायझाचं लग्न हवं होतं. १९१४ साली लंडनमध्ये हिगिन्सचं काम करणारा नट शेवटी एलायझाकडे फुलं फेकायला लागला, म्हणजे प्रेमाची खूण! शॉ इतका चिडला की पुस्तक छापताना त्याने पुढची हकीकतच लिहून टाकली: एलायझा हिगिन्सशी नाही, फ्रेडीशी लग्न करते आणि दुकान काढते. मला आता शॉचा राग समजतो. जो सारखा चुकाच काढतो, त्याच्याच गळ्यात का पडायचं?

मग आपलं नाटक कसं हवं?

आपला भंडारा जिल्हा झाडीपट्टीत येतो. दिवाळीनंतर मंडई भरली की गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, वडसा (देसाईगंज) इथल्या कंपन्या फिरतात, हे होस्टेलच्या निम्म्या मुलींनी लहानपणापासून बघितलेलं आहे. मी एकदाही बघितलेलं नव्हतं. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आपल्याच जिल्ह्यातल्या साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास करून तिचा शब्दकोश केला. म्हणजे ज्या बोलीला मी 'चूक' समजून दुरुस्त करत होते, तिचा कोश आहे, तिची साहित्य संमेलनं भरतात. मी काय दुरुस्त करत होते मग?

म्हणून पुढच्या गॅदरिंगसाठी माझी सूचना अशी:

१. 'फुलराणी'चीच गोष्ट घ्या, पण आपल्या होस्टेलवर आणा. भिंत शोधायला लांब जायला नको.

२. बोली हसण्यासाठी वापरू नका. दर वेळी खेडवळ मुलगी बोलली की हशा, हे फार झालं. हसू प्रोफेसरचं होऊ द्या.

३. मुलीला काय हवं आहे ते पहिल्या प्रवेशातच तिच्या तोंडून येऊ द्या. इंटरव्ह्यूसाठी इंग्रजी लागतं हे खरं आहे, ते खोटं सांगू नका. पण नवी भाषा शिकायला जुनी पुसावी लागत नाही, हेही दाखवा.

४. शेवट लग्नाने करू नका. आणि दोघी मैत्रिणी असतील तर लगेच गळाभेटीनेही करू नका.

कारण आमचीही गळाभेट झाली नाही. मी सॉरी म्हणाले, ती "हो" म्हणाली, आणि आठवडाभर आम्ही फक्त बादली आणि किल्ली एवढ्याच विषयांवर बोललो. मग एके दिवशी तिनेच सांगितलं, "इंग्रजीचा तास घे, पन मी सांगन तेवढाच." आता ती सांगते तेवढाच घेते. मध्ये अडवत नाही. दुसऱ्या मॉक जीडीला ती चार वेळा बोलली, त्यात दोनदा 'व्ही' चुकला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

राहता राहिला प्रश्न, हा लेख मराठीतच का? कारण तो तिने वाचावा असं मला वाटत होतं. तिने वाचला. लाल पेन घेऊन वाचला. पहिल्या दोन पानांवर ऱ्हस्व-दीर्घाच्या तेवीस चुका निघाल्या, आणि तीन ठिकाणी 'ण' हवा तिथे मीच 'न' लिहिला होता. एका शब्दाने ती मला बोलली नाही, फक्त गोल केले.

अजून काही चूकभूल राहिली असेल तर ती माझी. सांभाळून घ्या.