परसातला बुंधा आणि पन्नाशीची कंबर

पंधरा दिवसांपूर्वी माझा दवाखाना दोन दिवस बंद होता. चौकशीला आलेल्यांना घरच्यांनी 'बाहेरगावी गेलेत' असे सांगितले. खरे म्हणजे मी घरातच, गुडघ्यांखाली उशी घेऊन पडलो होतो. परसातल्या सुबाभळीचा बुंधा काढायला गेलो. बुंधा जागचा हलला नाही, माझी कंबर मात्र हलली.

सुबाभूळ नुसती तोडून भागत नाही, बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात. म्हणून तो मुळासकट काढायचे ठरवले. तोडणाऱ्या मजुराला मीच खोड जमिनीलगत कापायला सांगितले होते. पहिली चूक तीच. दोन-तीन फूट खोड वर ठेवले असते, तर शेवटी तेच धरून मागेपुढे ढकलता आले असते आणि मुळे सैल झाली असती. दुसरी चूक घाईची. वर्षभर खुर्चीत बसणारा माणूस एका रविवारी सकाळी पहार घेऊन अडीच तास खणतो आणि शेवटी वाकून, अंग पिळून, बुंध्याला हिसका देतो! वाकलेले असताना वळून जोर लावणे हे कमरेच्या स्नायूंना आणि मणक्यांमधल्या चकत्यांना सर्वांत वाईट. रुग्णांना मी हे रोज सांगतो.

मी शिकत होतो तेव्हा अशा रुग्णाला दोन-तीन आठवडे फळीवर झोपवण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. आता तसे करत नाहीत. साधी लचक असेल तर दुखणे सोसवेल तेवढे एक-दोन दिवसांतच हिंडू-फिरू लागावे, शेक घ्यावा, जड उचलू नये. मात्र पायातली शक्ती कमी झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा आला, तर शेकत बसू नये. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

कमरेच्या दुखण्याने माणूस अंथरुणाला खिळतो, पण बहुधा वाचतो. हा लेख लिहायला बसलो तो दुसऱ्याच एका कारणाने. मी पुन्हा दवाखान्यात बसू लागलो त्या दिवशी साठी उलटलेले एक निवृत्त गृहस्थ आले. मधुमेह जुना. माझी हकिगत ऐकून हसले आणि म्हणाले, "डॉक्टर, परवा मीही शेवग्याचा बुंधा तोडत होतो. छातीत दाटून आलं, घाम सुटला. गॅस असेल म्हणून सोडा प्यालो, जरा बसलो. आता बरं आहे, नुसता थकवा वाटतो."

मी म्हटले, "काका, आधी पट्टी काढू." ईसीजीची पट्टी पाहून माझेच हसू मावळले. त्यांना झटका येऊन गेला होता. त्यांना तसेच जिल्ह्याच्या गावी पाठवले. आज ते घरी आहेत, पण मधल्या दोन दिवसांत हृदयाच्या स्नायूचा काही भाग गेला तो गेलाच. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या काही तासांत द्यावे लागते, जितके लवकर तितके चांगले.

कुऱ्हाड चालवताना हात डोक्यावर जातात, श्वास रोखला जातो, रक्तदाब एकदम चढतो. सवय नसलेल्या हृदयावर तो मोठा भार असतो. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम, थंड घाम, यांपैकी काहीही झाले तर हत्यार खाली ठेवून बसावे आणि १०८ ला फोन लावावा. ॲस्पिरिनचे वावडे नसेल, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खावी. मधुमेहींना कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसता घाम आणि दम, हे घरच्यांनीही ध्यानात ठेवावे.

मातीबद्दलही थोडे. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. घाणेरडी जखम झाली आणि मागची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा घ्यावी. कुजक्या सालीखाली विंचू असतो, पोकळीत साप. म्हणून आधी काठीने ठोकावे, हात घालू नये, पायात बूट असावेत. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रुजवले आणि कितीतरी जीव वाचले. ते औषध वेळेत मिळायचे तर मंत्र-उतारा सोडून रुग्णालयातच जायला हवे.

माझ्या बुंध्याचे मग असे केले. आदल्या संध्याकाळी भोवती पाणी सोडायचे, सकाळी उन्हाआधी अर्धाच तास काम. हातभर अंतरावरून चर खणायचा, आडव्या मुळ्यांवरची माती धुऊन एकेक तोडायची. माती राहिली तर कुऱ्हाडीची धार जाते. सोटमूळ सर्वांत शेवटी. नवव्या दिवशी बुंधा निघाला. तोडत होता मुलगा. मी खुर्चीवर बसून सूचना देत होतो आणि त्या कोणी ऐकत नव्हते.