मनाचा सराव

मुलांनो, तुम्ही रोज मैदानावर धावता, खेळता. शरीराला सराव मिळतो. पण सामन्याच्या दिवशी छाती धडधडते, हात थरथरतात. मनावर दडपण येते. म्हणून मनालाही सराव हवा.

११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफल नेमबाजीची अंतिम फेरी चालू होती. या खेळात लक्ष्याच्या मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. शेवटची एकच गोळी उरली होती. भारताचे अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचे हेन्री हाकिनेन यांचे गुण समान होते. हाकिनेन यांना ९.७ गुण मिळाले. बिंद्रा यांनी १०.८ गुण मिळवले! ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक जिंकणारे ते पहिले भारतीय ठरले.

हे धैर्य एका दिवसात आले नाही. २००४ साली अथेन्सला ते सातवे आले होते. बीजिंगपूर्वी ते जर्मनीत चाळीस फूट उंच खांबावर चढले. मध्येच भीती वाटली, पण ते थांबले नाहीत. भीती असतानाही काम करता येते, हे मन असेच शिकते.

तुम्हीही करून पाहा. खेळण्यापूर्वी सावकाश श्वास घ्या, सावकाश सोडा. झालेली चूक विसरा. निकालाचा विचार नको. फक्त पुढच्या चेंडूकडे पाहा.

शब्दार्थ
दडपण – मनावरचे ओझे
अवघा – फक्त
धैर्य – हिंमत

स्वाध्याय
१. शेवटच्या गोळीपूर्वी कोणाचे गुण समान होते?
२. खांबावर चढून मन काय शिकले?