हातसंगणकातील जलद बिनतारी कार्ड : ५४ च्या आकड्याचा हिशेब

हातसंगणकासाठी जलद बिनतारी कार्ड घ्यावे की नाही, हा प्रश्न २००३ ते २००६ या काळात पॉकेट पीसी किंवा पाम जातीचे यंत्र बाळगणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडत असे, आणि त्याचा निवाडा बहुतेक जण खोक्यावर छापलेल्या आकड्यावरून करत. प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद ठरला नाही. आकडे दोन होते. १९९९ साली संमत झालेल्या ८०२.११-बी या मानकानुसार, म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून ठरवून दिलेल्या नियमसंचानुसार, कमाल वेग सेकंदाला ११ मेगाबिट होता, तर जून २००३ मध्ये संमत झालेल्या ८०२.११-जी या मानकात तो ५४ मेगाबिट झाला. दोन्ही मानके २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात चालणारी आणि परस्परांशी जुळवून घेणारी असल्याने जुने कार्ड काढून नवे खोचले की यंत्र पाचपट वेगवान होईल, असा समज होणे स्वाभाविक होते.

हा समज पहिल्यांदा ढासळतो तो हवेतच. खोक्यावरचा वेग म्हणजे रेडिओ लहरींवर कच्चे बिट ज्या गतीने पाठवता येतात ती गती होय. तिच्यातून प्रत्येक पुडक्याची शीर्षके, पोचपावत्या आणि वाहिनी मोकळी आहे की नाही हे तपासण्यासाठी घालवलेले क्षण वजा जातात, शिवाय एका वाहिनीवर एका वेळी एकाच यंत्राला बोलता येते, त्यामुळे बी मानकाच्या ११ मधून वापरणाऱ्याच्या पदरात ५ ते ६ आणि जी मानकाच्या ५४ मधून, परिस्थिती उत्तम असेल तर, २० च्या आसपास मेगाबिट पडतात. तरीही तिप्पट-चौपट लाभ उरतोच, असे कोणी म्हणेल. लॅपटॉपच्या बाबतीत ते म्हणणे खरे होते. हातसंगणकाच्या बाबतीत खरी अडचण हवेतून माहिती यंत्राच्या दाराशी येऊन पोहोचल्यानंतर सुरू होत असे.

हे दार म्हणजे कार्ड खोचण्याची खाच. लॅपटॉपसाठी जी मानकाची कार्डे बहुधा कार्डबस या ३२ बिटांच्या जोडणीवर बनत, आणि त्या जोडणीत कार्डाला प्रोसेसरला न विचारता थेट स्मृतीत माहिती ठेवता येई. हातसंगणकातील कॉम्पॅक्टफ्लॅश खाच मात्र जुन्या १६ बिटांच्या पीसी कार्डाचेच आटोपशीर रूप होती. तिच्यात थेट स्मृतीत लिहिण्याची सोय सहसा नसल्याने आलेला प्रत्येक शब्द प्रोसेसरला स्वतः उचलून आत न्यावा लागे. दुसरी वाट एसडी खाचेची. एसडीआयओ, म्हणजे साठवणीच्या कार्डाच्या खाचेतून इतर उपकरणे चालवण्याची पद्धत, चार तारांवर २५ मेगाहर्ट्झने चालली तर कागदावर सेकंदाला १०० मेगाबिट देते, परंतु एकाच तारेवर चालली तर २५ मेगाबिटच, आणि अमुक यंत्र कोणत्या पद्धतीने चालते हे त्याच्या माहितीपुस्तिकेत शोधूनही सापडत नसे. मोट मोठी केली आणि पाट तसाच अरुंद ठेवला, तर जास्तीचे पाणी शेतात जात नाही.

प्रोसेसरची अवस्थाही याहून फार निराळी नव्हती. त्या काळच्या बऱ्याच पॉकेट पीसींत इंटेलचा पीएक्सए-२५५ हा जास्तीत जास्त ४०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर असे, आणि त्यालाच पडदा रंगवणे, पुडकी उचलणे, सांकेतिकीकरण उलगडणे आणि फाइल साठवणीच्या कार्डावर लिहिणे ही सगळी कामे करावी लागत. प्रस्तुत लेखकाने अशाच एका यंत्रात जी मानकाचे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवून घरातल्या संगणकावरील फाइल उतरवून पाहिल्या, तेव्हा वेग वाढला खरा, पण तो इतका थोडा की घड्याळ लावल्याशिवाय जाणवू नये. उलट उतरवणी चालू असताना पडद्यावरची यादी सरकवली की ती अडखळू लागे. त्याहून वाईट म्हणजे, यंत्र झोपवून पुन्हा जागे केले की कार्ड काही वेळा ओळखलेच जात नसे आणि ते उपसून पुन्हा खोचावे लागे. दोष कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या आज्ञावलीचा होता, आणि ती सुधारून देण्याची विक्रेत्याची तयारी विक्रीपुरतीच होती.

मुळात एवढ्या वेगाची गरज कितपत होती, हे साध्या अंकगणिताने तपासता येते आणि खरेदीपूर्वी ते तपासले गेले असते तर बरे झाले असते. ४ मेगाबाइटचे एक गाणे म्हणजे ३२ मेगाबिट. प्रत्यक्ष ५ मेगाबिटच्या वेगाने ते साडेसहा सेकंदांत येते आणि २० च्या वेगाने दीड-पावणेदोन सेकंदांत, म्हणजे सगळे गृहीत धरूनही बचत पाच सेकंदांची. तेच गाणे इंटरनेटवरून उतरवायचे असेल तर प्रश्नच मिटतो, कारण भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात ब्रॉडबँडची किमान मर्यादाच सेकंदाला २५६ किलोबिट धरली होती. पुण्या-मुंबईच्या घरांत त्या सुमारास येणाऱ्या अशा जोडणीवर त्या गाण्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागणार, मग हातातले कार्ड बी मानकाचे असो वा जी मानकाचे.

बॅटरीचा मुद्दा मात्र वरवर दिसतो तितका एकेरी नाही. जलद कार्ड काम लवकर उरकून लवकर झोपते, म्हणून वीज वाचते, हा युक्तिवाद तत्त्वतः बरोबर आहे. पण तो लागू पडण्यासाठी यंत्राने माहिती तितक्याच झपाट्याने उचलली पाहिजे, आणि ती उचलली जात नसेल तर कार्ड नुसते ताटकळत जागे राहते. त्यात जी मानकाची ओएफडीएम पद्धत, म्हणजे माहिती अनेक बारीक उपलहरींवर वाटून पाठवण्याची रीत, प्रक्षेपकाकडून अधिक काटेकोर आणि म्हणून अधिक वीज खाणारे प्रवर्धन मागते. १,१०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर हा फरक कळतो. कार्डाला घातलेले पैसे दुसऱ्या बॅटरीला घातले असते तर ते सत्कारणी लागले असते, हे प्रस्तुत लेखकाचे मत आजही कायम आहे. निर्मात्यांचा हिशेबही बहुधा असाच असावा, कारण २००४ मधील एचपी आयपॅक एचएक्स-४७०० आणि डेल अॅक्सिम एक्स-५०-व्ही या ६२४ मेगाहर्ट्झच्या, त्या काळी अव्वल मानल्या गेलेल्या यंत्रांतही अंगभूत वाय-फाय बी मानकाचेच होते.

तरीही जी मानकाच्या कार्डाची एक बाजू खरोखर भक्कम होती, आणि गंमत अशी की तिचा फायदा हातसंगणकाला नव्हे तर घरातल्या इतर यंत्रांना होत असे. जी मानकाच्या जाळ्यात बी मानकाचे एक जरी यंत्र शिरले, तरी त्याला नव्या लहरी कळत नसल्याने बाकीच्यांना प्रत्येक वेळी आधी जुन्या भाषेत ‘आता बोलू नका’ असा इशारा द्यावा लागतो, ज्याला संरक्षण पद्धती म्हणतात, आणि त्यापायी साऱ्या जाळ्याचा वेग खाली येतो. शिवाय संथ यंत्र तेवढ्याच माहितीसाठी वाहिनी अधिक काळ अडवून ठेवते. ज्या घरात दोन-तीन लॅपटॉपवर मोठ्या फाइलींची सतत ने-आण चाले, तिथे हातसंगणकाचे कार्ड बदलणे शहाणपणाचे होते. जिथे हातसंगणक दिवसातून दोनदा टपाल पाहण्यापुरताच जाळ्यावर येई, तिथे नाही.

दुसरे कारण सुरक्षेचे, आणि वेगापेक्षा ते कितीतरी वजनदार. जुन्या कार्डांतील वेप ही सांकेतिकीकरणाची पद्धत किती तकलादू आहे हे २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या संशोधकांच्या विश्लेषणाने उघड केले होते. तिच्या जागी २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि पुढच्या वर्षी डब्ल्यूपीए-२ आली. बी मानकाच्या अनेक जुन्या कार्डांना यांचा आधार देणारे ड्रायव्हर कधी मिळालेच नाहीत, आणि अशा एका कार्डासाठी घरमालक संपूर्ण घराचे जाळे वेपवर ठेवत राहिला तर त्याने एका खोलीसाठी वाड्याचा दरवाजा उघडा टाकल्यासारखे होते. म्हणून कार्ड निवडताना पाहायचे होते ते हे : आपल्या यंत्राच्या नेमक्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर उपलब्ध आहे का, तो डब्ल्यूपीए ओळखतो का, आणि झोपेतून उठल्यावर कार्ड निमूटपणे कामाला लागते का. ५४ चा आकडा या तिन्हींनंतरचा.

आज कपाटातून असे यंत्र बाहेर काढणाऱ्या हौशी माणसाला तर उत्तर आणखी उलटे दिसेल. अनेक नव्या जाळ्यांवर बी मानकाचे संथ वेग मुद्दाम बंद ठेवलेले असतात, त्यामुळे जुने कार्ड तिथे जोडलेच जात नाही आणि डब्ल्यूपीए-२ जाणणारे जी मानकाचे कार्ड जोडले जाते. पण त्यानंतर यंत्रातला ब्राउझर आजच्या बहुतेक संकेतस्थळांना लागणारी टीएलएस १.२ ही सुरक्षित संवादाची आवृत्ती जाणत नसल्याने पान काही उघडत नाही, आणि अखेर घरातल्याच संगणकावरून फाइली उतरवणे तेवढे उरते.