कोणाच्या शब्दावर चालायचं? जाणत्या रेडिओची गोष्ट

धापा टाकत बिर्लानगर स्टेशनवर पोचलो आणि ओळखीच्या पाच जणांना विचारलं, "गाडी गेली का हो?" तिघं म्हणाले गेली, दोघं म्हणाले यायचीय. आपण काही डोकी मोजत नाही. आजवर कोणाचा शब्द खरा ठरला, ते आठवतो. कॉग्निटिव्ह रेडिओपुढे हाच प्रश्न असतो.

कॉग्निटिव्ह म्हणजे जाणता. जोसेफ मितोला यांनी १९९९ मध्ये ही कल्पना मांडली. हा रेडिओ दुसऱ्याला दिलेलं, पण रिकामं पडलेलं चॅनेल शोधून वापरतो आणि मूळ मालक आला की उठतो. आपल्याकडे ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधल्या १५ टीव्ही चॅनेलांपैकी किमान १२ जवळजवळ सगळीकडे रिकामे आहेत, असं आयआयटी मुंबईच्या २०१४ च्या अभ्यासात दिसलं. अशाच रिकाम्या जागेतून प्रा. अभय करंदीकर यांच्या चमूने पालघरच्या गावांत इंटरनेट पोचवून पाहिलं.

पण चॅनेल रिकामं आहे हे कळणार कसं? एखाद्या रेडिओच्या आड डोंगर आला, तर त्याला टीव्हीची लहर ऐकूच येत नाही. म्हणून अनेक रेडिओ आपापली खबर केंद्राला देतात. त्यातला एखादा बिघडलेला असतो, एखादा लबाड. चॅनेल एकट्याला मिळावं म्हणून तो "भरलंय" म्हणतो आणि गाव इंटरनेटविना बसतं. उलट खोटं "रिकामं" म्हटलं, तर टीव्ही बघणाऱ्यांचं चित्र बिघडतं.

यावर उपाय म्हणजे प्रत्येकाचा हिशोब ठेवणं:

भरवसा = (खऱ्या खबरा + १) ÷ (एकूण खबरा + २)

दहापैकी आठ खऱ्या, तर ९ ÷ १२ = ०.७५. दोनच खऱ्या, तर ०.२५. नवख्याला ०.५. आता दोन विश्वासू मिळून १.५ आणि तीन लबाड मिळून ०.७५. डोकी कमी, तरी खरं जिंकतं.

मात्र खरं-खोटं बहुमतावरूनच ठरवलं, तर लबाडांचेच गुण वाढतील. म्हणून केंद्राला मधूनमधून स्वतः तपासावं लागतं. तपासणीत गेलेला वेळ संदेश पाठवायला मिळत नाही, वेग घटतो. तपासणी अगदीच सोडली, तर चुकीच्या खबरेपायी त्याहून जास्त वेळ वाया जाऊ शकतो. थोडक्यात, भरवसा ही कामगिरीचीच किंमत आहे. ती किती मोजायची, एवढंच ठरवायचं.

जाता जाता एक गणित: एका रेडिओने ४८ खऱ्या खबरा दिल्या, मग सलग १० खोट्या. भरवसा अजून ४९ ÷ ६०, म्हणजे सुमारे ०.८२! जुनी पुण्याई किती दिवस पुरू द्यायची? सूत्रात काय बदलाल, करून बघा.