वनस्पती-नोंदींचे स्थिर संकेतस्थळ : उभारणी व नोंदलेखन
(कपिलधार परिसराच्या अनुषंगाने)

बीड तालुक्यातील श्रीक्षेत्र कपिलधार हे मन्मथस्वामींच्या समाधीमुळे सर्वपरिचित आहे. बालाघाटाच्या कुशीतील या स्थानी पावसाळ्यात धबधबा कोसळतो व कार्तिक पौर्णिमेस मोठी यात्रा भरते. वैद्याच्या दृष्टीने या परिसराचे आणखीही एक महत्त्व आहे. बालाघाटाच्या उतारांवर गुळवेल, आघाडा, पळस, बेल यांसारखी नित्योपयोगी द्रव्ये आढळतात. त्यांची स्थानिक नावे, फुलोऱ्याचा काळ व संग्रहकाल जाणणारी मंडळी आता वयोवृद्ध झाली आहेत. हे ज्ञान लिहून ठेवले नाही तर ते लोपेल, आणि चुकीचे लिहिले तर रुग्णास बाधेल. ही दोन्ही संकटे टाळून अल्प खर्चात सामुदायिक नोंदसंग्रह कसा उभारावा, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

नोंदीचे प्रयोजन

२०२१ साली मुंबईतील सहा रुग्णांच्या यकृतविकाराचा संबंध गुळवेलीच्या सेवनाशी जोडणारा अहवाल प्रसिद्ध झाला. रुग्णांनी घेतलेल्या द्रव्याची तपासणीच झालेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही खरी गुळवेल आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद सांगणारे निवेदन काढले. क्रिस्पाच्या खोडावर बारीक गाठींसारखे उंचवटे असतात. केवळ पानावरून हा भेद कळत नाही. या वादात कोणाचा पक्ष घ्यावा हा येथे विषय नाही. परंतु रुग्णाने घेतलेली वेल नेमकी कोणती, या प्रश्नाला लेखी व सप्रमाण उत्तर नसेल तर वैद्य, औषधालय आणि शास्त्र या तिघांचीही बाजू लंगडी पडते, हे मान्य करावे लागेल.

‘स्थिर’ म्हणजे काय?

संकेतस्थळे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात वाचकाने मागणी करताच संगणक माहितीसाठ्यातून मजकूर काढून पान तयार करतो. हा प्रकार रुग्ण आल्यावर काढा सिद्ध करण्यासारखा आहे. दुसऱ्या प्रकारात सर्व पाने आधीच तयार करून ठेवलेली असतात व मागणी येताच ती जशीच्या तशी दिली जातात. हा प्रकार बरणीतील सिद्ध वटीसारखा आहे. यासच स्थिर संकेतस्थळ म्हणतात. स्थिर म्हणजे न बदलणारे नव्हे. नवी नोंद आली की पाने पुन्हा तयार होतात. माहितीसाठा सांभाळावा लागत नसल्याने खर्च व देखभाल कमी लागते, मंद जोडणीवरही पान लवकर उघडते आणि संपूर्ण संग्रह पेनड्राइव्हवर जपता येतो.

उभारणी

पाने तयार करणाऱ्या प्रणालींपैकी जेकिल (२००८) व ह्यूगो (२०१३) या विनामूल्य आहेत. नोंदीचा मजकूर मार्कडाउन (२००४) या साध्या लेखनपद्धतीत लिहावयाचा असतो. शीर्षकापूर्वी एक विशिष्ट चिन्ह व परिच्छेदांमध्ये एक रिकामी ओळ, एवढे शिकले तरी आरंभ करता येतो. प्रत्येक बदल कोणी, केव्हा व काय केला याचा इतिहास गिट (२००५) ही प्रणाली राखते. गिटहब या सेवेवर सार्वजनिक संग्रह ठेवल्यास जेकिलची पाने तेथेच विनाशुल्क प्रकाशित होतात.

मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या फाँटमधील लेखन दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसते व शोधता येत नाही. जेकिलमध्ये धारिकेचे नाव रोमन लिपीत, आरंभी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने इंग्रजी आकड्यांत लिहावे. दिनांक चुकून पुढील काळाचा पडल्यास नोंद पानावर येत नाही. आमची पहिली नोंद याच कारणाने दोन दिवस ‘हरवली’ होती!

नोंदीचा नमुना

प्रत्येक नोंदीच्या शिरोभागी पुढील बाबी याच क्रमाने असाव्यात :

शीर्षक : गुळवेल
शास्त्रीय नाव : टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया
स्थानिक नाव : सांगणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे
परिसर : कपिलधार, तालुका बीड
पाहिल्याचा दिनांक व ऋतू :
छायाचित्रे : पान, खोड, फूल, फळ
प्रमाण : प्रत्यक्ष / आप्तोपदेश / ग्रंथोक्त
ओळख पटविणारा : नोंद करणाऱ्याहून वेगळी व्यक्ती

यांतील ‘प्रमाण’ हा रकाना आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. स्वतः पाहिलेले, जाणत्याकडून ऐकलेले आणि ग्रंथात वाचलेले एकत्र कालवले गेले की नोंदीची किंमत संपते. नावाच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. ‘शंखपुष्पी’ म्हणून कोणी विष्णुक्रांता दाखवितो, तर कोणी गोकर्ण. अशा वेळी दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात व परस्परांचा निर्देश द्यावा. एक पुसून दुसरी लिहू नये. फूल मिळाले नसेल तर तो रकाना रिकामा ठेवावा. आंतरजालावरून घेतलेल्या चित्राने तो भरू नये.

वर्ज्य गोष्टी

एक : रुग्णाचे नाव, गाव वा छायाचित्र कदापि देऊ नये. पानावरून मजकूर काढला तरी गिटच्या इतिहासात तो शिल्लक राहतो.

दोन : दुर्मीळ वनस्पतीचे नेमके ठिकाण देऊ नये; ओरबाडून नेणाऱ्यास तो पत्ताच ठरेल. भ्रमणध्वनीवरील छायाचित्रात अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. ते काढून व चित्राचा आकार लहान करून मगच पाठवावे.

तीन : ‘हमखास बरा होतो’ अशी विधाने टाळावीत. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने मधुमेह, कर्करोग आदी व्याधींवरील औषधांच्या जाहिरातीस मनाई केली आहे. औषधालयाच्या चालकांनी हे विशेष ध्यानी ठेवावे.

तपासणी व समारोप

नोंद थेट प्रकाशित न करता बदलाचा प्रस्ताव म्हणून पाठवावी. संपादनाचे काम पाहणाऱ्या दोघांनी, त्यांपैकी एकाने तरी द्रव्यगुणाच्या दृष्टीने, ती तपासूनच स्वीकारावी. ज्यांना संगणकाचा सराव नाही त्यांनी कागदावर रकाने भरून द्यावेत. टंकलेखन तरुण सहकारी करतील. नाव मात्र नोंद करणाऱ्याचेच राहील. चूक आढळल्यास ती उघडपणे दुरुस्त करावी. दुरुस्तीचा इतिहास दिसणे हा कमीपणा नव्हे, ती विश्वासाची खूण आहे.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही करावयाची असते. आपल्या पडताळलेल्या नोंदी त्या कामीही साहाय्यभूत होतील. वाचक वैद्यांनी येत्या पावसाळ्यात आपल्या परिसरातील एकच वनस्पती निवडावी, पानापासून फळापर्यंत तिचा मागोवा घ्यावा व एक निर्दोष नोंद करावी. कच्चे द्रव्य विकत घेणाऱ्या औषधालयाने आलेला माल त्या नोंदीशी ताडून पाहिला, तरी या श्रमाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.