आधी सगळं एका पानावर लिही

पैशाच्या गोष्टी कुणापाशी बोलायची आपल्याला सवयच नसते. सासरच्या कुरबुरी, ऑफिसातला त्रास, दुखणीखुपणी, सगळं आपण मैत्रिणीपाशी मोकळं करतो. पण क्रेडिट कार्डावर किती थकलंय हे सख्ख्या बहिणीलाही कळू देत नाही. म्हणून आज मीच विषय काढते. तू धाकटी आहेस, माझ्यापुढे लाजायचं कारण नाही.

अंथरूण पाहून पाय पसर, हे तुला घरातल्या प्रत्येकाने ऐकवलं असेल. मी ऐकवणार नाही. कर्ज दरवेळी चैनीपायी होत नाही. बाबांचं ऑपरेशन निघतं, नवा घरमालक डिपॉझिट वाढवून मागतो, धाकट्या भावाची फी भरायची असते, मधेच नोकरी जाते. दोन महिने तोंडमिळवणी होत नाही आणि कार्ड हाताशी असतं. खरी काळजी वाटते ती त्यानंतरची. बिल उघडून बघायचंच सोडून दिलं जातं. मेसेज आला की पोटात गोळा येतो, मग तो न वाचताच पुसायचा, आणि बँकेने सांगितलेली कमीत कमी रक्कम भरून महिना ढकलायचा.

त्या कमीत कमी रकमेचा हिशोब एकदा माझ्याबरोबर कर. समज, कार्डावर ८०,००० रुपये बाकी आहेत. बिलावर ‘मिनिमम ड्यू’ म्हणून साधारण पाच टक्के, म्हणजे ४,००० रुपये लिहिलेले असतात. ते भरले की लेट फी लागत नाही, कुणाचा फोन येत नाही, म्हणून वाटतं, या महिन्याचं निभावलं. आता व्याज बघ. बऱ्याच कार्डांवर ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. झाले २,८०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५०४ रुपये. म्हणजे तुझ्या ४,००० मधले ३,३०४ व्याजातच गेले आणि मुद्दल उतरलं फक्त ६९६ रुपयांनी. शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदतही जाते. नंतर त्याच कार्डावर किराणा आणलास तरी त्यावर खरेदीच्या दिवसापासून व्याज चढतं. हे भल्याभल्या शिकलेल्यांना माहीत नसतं.

तेच कार्ड कपाटात ठेवून, त्यावर नवा एक रुपयाही न खर्चता, दरमहा १०,००० भरलेस तर साधारण १० महिन्यांत सुटतेस. ७,००० भरलेस तरी १६ महिने. ४,००० आणि ७,००० यांत तीनच हजारांचा फरक आहे, पण तो सगळा मुद्दलात जातो. म्हणून कार्डाच्या बाबतीत मी एवढी हट्टाने बोलते.

आता एक वही घे. अॅप नको, एक्सेल नको, साधी वहीच. एका पानावर लिही: कुणाचे, किती बाकी, व्याज किती, हप्ता किती, तारीख कोणती. कार्ड, मोबाइलचा हप्ता, पर्सनल लोन, गाडीचं कर्ज, ऑफिसातून घेतलेला अॅडव्हान्स, मावशीकडून घेतलेले हातउसने, सगळं. एखाद्या कर्जाचा आकडा आठवत नसेल तर तो रकाना मोकळा सोडून पुढे जाऊ नकोस. बँकेला फोन करून विचार. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा तुझा पूर्ण अहवाल फुकट द्यावाच लागतो. तो मागवलास तर तू विसरलेलं एखादं जुनं कार्डही त्यात सापडेल. बेरीज बघून रडू आलं तर रड. पण बेरीज कर.

मग ज्याचं व्याज सगळ्यात जास्त, ते आधी. बाकीच्यांचे ठरलेले हप्ते वेळेवर द्यायचे आणि उरलेला प्रत्येक रुपया त्या एकाच कर्जावर टाकायचा. घराच्या कर्जाची घाई करू नकोस, ते सगळ्यांत स्वस्त असतं. हातउसन्याचं मात्र वेगळं. त्यावर व्याज नसलं तरी नातं असतं. मावशीला स्वतःहून फोन कर, ‘एकदम जमणार नाही, पण दर महिन्याच्या १० तारखेला २,००० देते’ असं सांग, आणि दे. तिला पैशांपेक्षा तुझं फोन टाळणं लागतं.

सोन्याबद्दल तू विचारणार, मला माहीत आहे. लॉकरमध्ये बांगड्या पडून आहेत आणि इकडे कार्डाचं व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर चाललंय, हे मला स्वतःला पटत नाही. बँकेत सोनं तारण ठेवून साधारण दहा-बारा टक्के वर्षाच्या दराने कर्ज मिळू शकतं. ८०,००० वर महिन्याला ३,३०० ऐवजी ७००-८०० रुपये. पण ज्या दिवशी त्या पैशाने कार्ड फेडशील त्याच दिवशी कार्ड बंद करायची तयारी असेल तरच हे कर. नाहीतर वर्षभराने कार्डही भरलेलं असतं आणि बांगड्याही बँकेत असतात. सोन्याच्या कर्जाची मुदत चुकली तर लिलाव होतो, हेही डोक्यात ठेव. भिशी लागली असेल तर मात्र विचारच करू नकोस. ती फ्रिजसाठी नाही, कार्डासाठी.

झटपट कर्ज देणाऱ्या अॅपपासून लांबच राहा, एकाचं घेऊन दुसऱ्याला देणं तर आजच थांबव. घेतलंच असेल तर आधी बघ, त्यामागे बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था कोणती आहे. तिचं नाव आणि सगळे खर्च धरून होणारा वार्षिक दर तुला आधी सांगणं बंधनकारक आहे. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमक्या द्यायच्या नाहीत, तुझ्या नातेवाइकांना फोन करून बदनामी करायची नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तसं झालं तर त्या संस्थेकडे लेखी तक्रार कर, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. १४४४८ वर फोन केलास तर वाट सांगतात. फोटो बदलून पाठवण्याच्या धमक्या येत असतील तर ३० दिवस थांबूच नकोस, सरळ १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन कर. तू पैसे देणं लागतेस, म्हणून कुणी तुझा अपमान करावा असं होत नाही.

सवयींचं म्हणशील तर फार काही नाही. पगार झाला त्याच दिवशी कर्जाची रक्कम बाहेर जाऊ दे. महिनाअखेर उरेल त्यातून भरू म्हटलं की उरत नाही. यूपीआयसाठी दुसरं खातं ठेव आणि त्यात दर सोमवारी आठवड्याचाच खर्च टाक. शॉपिंगच्या अॅपमध्ये साठवलेले कार्डाचे नंबर काढून टाक. आणि कर्ज असलं तरी दहा-पंधरा हजार वेगळे ठेव, त्यांना हात लावू नकोस. मुलाला ताप आला, स्कूटर बंद पडली, की हेच पैसे तुला पुन्हा कार्डाकडे जाऊ देत नाहीत. लग्नकार्यातला आहेर वर्ष-दोन वर्षं कमी झाला तर होऊ दे. ज्यांना तू हवी आहेस ते पाकीट उघडून तुला मोजत नाहीत.

नवऱ्याला सांगायचं का? माझं मत विचारशील तर सांग, आणि वही समोर ठेवून सांग. तो चिडेल, दोन दिवस बोलणार नाही कदाचित. पण लपवलेलं कर्ज फेडायला लपवलेले पैसे लागतात, ते आणायचे कुठून? घरात सांगितलंस तर तिथे मारझोड होईल अशी भीती असेल तर मात्र त्याला नको. मला सांग, आईला सांग, कुणा एकीला तरी सांग.

शेवटचं. बँकेचा माणूस फोनवर म्हणेल, ‘मॅडम, ८० चे ४० भरा, सेटल करून टाकतो.’ अगदीच दुसरा मार्ग नसेल तरच ते घे, कारण मग अहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते आणि पुढे घराचं कर्ज मागायला गेलीस की ती आडवी येते. जमेल तोवर पूर्णच फेड. फेडलंस की कार्ड बंद करायचा अर्ज लेखी दे. काही बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायलाच हवं, उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये तिने तुला द्यायचे. काही बाकी नसल्याचं पत्र मागून घे आणि वहीत जपून ठेव. ते पत्र हातात येईपर्यंत कर्ज फिटलं असं समजू नकोस.