पोकलेन घेताय? आधी ऑपरेटरच्या सुरक्षेचा हिशेब मांडा



मागच्या व्हिडिओत आपण सेकंड हॅण्ड पोकलेन घेऊन दगडखाणीवर भाड्याने लावण्याचं गणित मांडलं होतं. डिझेल, ईएमआय, ऑपरेटरचा पगार, मेंटेनन्स, सगळं धरलं. पण एक रकाना मुद्दाम रिकामा ठेवला होता. तो रकाना म्हणजे आजचा धडा: अपघात.

आधी एक अनुभव सांगतो, नाव सांगत नाही. आमच्या बॅचमधल्या एका तरुणाची मशीन खाणीवर चालू होती. पावसाळ्याचे दिवस. संध्याकाळी काम संपलं, ऑपरेटरने रोजच्या सवयीने केबिनमधून खाली उडी मारली. खाली ओली खडी, पाय मुरगळला, घोट्याचं हाड मोडलं. ना दरड कोसळली, ना मशीन उलटली. एक उडी, बस्स! दोन महिने ऑपरेटर घरी. बदली माणूस मिळेपर्यंत मशीन उभी, आणि हप्ता काही थांबला नाही. त्याने मला फोन करून विचारलं, "सर, आता माझ्या हप्त्याचं काय?" मी म्हटलं, "हप्त्याचं बघू. आधी सांग, त्याच्या घरी चूल कशी पेटतेय?" पलीकडे शांतता. त्याने तो विचारच केला नव्हता.

तुम्ही ती चूक करू नका. चला, एकेक मुद्दा घेऊ.

१) ऑपरेटरला इजा नेमकी कुठे होते?

चढता-उतरताना: वरच्या गोष्टीसारखी. यावर उपाय फुकट आहे. मशीनकडे तोंड करून उतरायचं आणि दोन हात, दोन पाय यांपैकी तीन कायम मशीनला टेकलेले असले पाहिजेत. पायरीवर ग्रीस आणि चिखल नको. हातात डबा किंवा मोबाईल घेऊन चढायचं नाही.

दरडीखाली: पोकलेनने खालून दगड ओढत गेलं की वर कपार लोंबकळत राहते आणि एक दिवस ती केबिनवरच येते. म्हणून खालून पोखरायचं नाही. मशीनच्या चेन दरडीकडे काटकोनात ठेवायच्या, म्हणजे धोका दिसताच सरळ मागे सरकता येतं. चेन दरडीला समांतर असतील तर आधी वळावं लागतं, आणि तेवढा वेळ दरड देत नाही.

कडेवरून: डंपर रिव्हर्स घेत टाकाऊ माल ओततो आणि मागचं चाक कडेवरून जातं. कडेला मातीचा बांध हवाच, निदान सर्वांत मोठ्या टायरच्या निम्म्या उंचीचा. आणि सीट बेल्ट! गाडी कलंडायला लागली की माणूस बाहेर उडी मारतो आणि तिच्याच खाली सापडतो. केबिन मजबूत असेल, तर बेल्ट लावून आत बसणारा वाचण्याची शक्यता जास्त.

फिरत्या मशीनजवळ: पोकलेन गोल फिरते तेव्हा तिचा मागचा भाग आणि दरड यांच्यामध्ये हेल्पर चिरडतो. ऑपरेटरला मागचं दिसतच नाही. रिव्हर्स हॉर्न, आरसे आणि "हात दाखवून इशारा मिळाल्याशिवाय कोणी जवळ यायचं नाही" हा नियम, तिन्ही हवेत.

दुरुस्ती करताना: डंपरचा हौदा वर उचललेला, खाली मिस्त्री, आणि टेकू नाही. एक होज पाईप फुटला तर हौदा खाली येतो. तसंच हायड्रॉलिक पाईप गळतोय का हे हाताने चाचपून बघू नका. बारीक छिद्रातून दाबाने निघालेलं तेल कातडीतून आत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण वेळेत ऑपरेशन झालं नाही तर बोट, कधी हातही गमवावा लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा.

वरची वायर: हौदा वर करूनच गाडी पुढे घेतली आणि विजेच्या तारेला लागली, तर शॉक थेट ऑपरेटरला. तारेखाली माल ओतण्याची जागा ठेवूच नका.

आणि हळूहळू होणारी इजा: कंबर, मान, कान, फुप्फुस. रोज आठ-दहा तास हादरे, ब्रेकरचा आवाज, क्रशरची धूळ. फुटलेली सीट बदलणं, केबिनच्या काचा आणि एसी नीट ठेवणं, रस्त्यावर पाणी मारणं, हा खर्च चैनीचा नाही. तो ऑपरेटर दहा वर्षं टिकवण्याचा खर्च आहे.

२) "खाण माझी नाही, मशीन फक्त भाड्याची" असं म्हणून सुटता येतं का?

नाही! दगडखाण ही कायद्याच्या भाषेत खाणच आहे. तिच्यावर देखरेख खाण सुरक्षा महासंचालनालयाची, ज्याचं मुख्यालय धनबादला आहे. १९६१ च्या मेटॅलिफेरस माईन्स रेग्युलेशन्सनी घालून दिलेलं माप लक्षात ठेवा: कठीण दगडात पायरीची उंची ६ मीटरपेक्षा जास्त नको, आणि मुरूम-मातीत पायऱ्या करायच्या तर १.५ मीटरपेक्षा जास्त नको. मशीन लावण्याआधी खाणीत जा आणि डोळ्यांनी बघा. पंधरा-वीस मीटरची सरळ भिंत आणि पायरी एकही नाही? मग भाडं कितीही चांगलं असो, हात जोडा आणि परत या.

ऑपरेटर तुमच्या पगारावर असेल तर नुकसानभरपाईची जबाबदारी तुमची. तो खाणमालकाकडे मागायला गेला, तरी मालक भरपाई देऊन तुमच्याकडून वसूल करू शकतो.

३) आता तो रिकामा रकाना भरू

कर्मचारी नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा होता. त्यातल्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये घेतल्या आहेत. हिशेब असा: मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या ५० टक्के गुणिले वयाचा गुणांक. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के गुणिले गुणांक. २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरायचं. वय ३० असेल तर गुणांक २०७.९८.

समजा तुमचा ऑपरेटर ३० वर्षांचा, पगार २२,०००. हिशेबासाठी वेतन १५,०००.

मृत्यू: ७,५०० × २०७.९८ = १५,५९,८५० रुपये.
कायमचं पूर्ण अपंगत्व: ९,००० × २०७.९८ = १८,७१,८२० रुपये.
अंगठा गेला तर ३० टक्के अपंगत्व: ५,६१,५४६ रुपये.

बकेटची पिन बसवताना अंगठा जायला किती वेळ लागतो? एक सेकंद. भरपाई महिन्याभरात दिली नाही, तर वर १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो. सेकंड हॅण्ड मशीनच्या धंद्यात एवढी रक्कम खिशातून काढणारा नवा उद्योजक मी तरी पाहिलेला नाही.

म्हणून मशीनचा विमा काढला त्याच दिवशी डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कर्मचारी नुकसानभरपाईचा विमा काढा. त्यात काम "दगडखाण" असंच लिहा आणि हेल्परचं नावही घाला. प्रीमियम वाचवायला "माती काम" लिहिलंत, तर क्लेमच्या वेळी तेच तुमच्या अंगाशी येईल.

४) ट्रिपवर पैसे देताना थांबा

डंपरवाल्याला ट्रिपमागे पैसे दिले की तो बेल्ट, बांध, इशारा सगळं विसरून पळवतो. मग आपण म्हणतो, "ऑपरेटर बेफिकीर होता." अहो, ती बेफिकिरी आपणच विकत घेतली ना? पक्का पगार द्या, बोनस द्यायचाच तर महिनाभर मशीन नीट ठेवल्याचा द्या. आणि ऑपरेटर म्हणाला, "दादा, आज दरड बरोबर वाटत नाही," तर त्या दिवसाचं भाडं गेलं तरी चालेल, मशीन मागे घ्या. त्याला एकदा ओरडलात, तर पुढच्या वेळी तो बोलणारच नाही.

आजचा गृहपाठ

वहीचं एक पान घ्या आणि तीन ओळी लिहा. एक, माझ्या ऑपरेटरचं वय आणि पगार, आणि त्यावरून भरपाईचा आकडा. दोन, माझ्या पॉलिसीत तो आकडा बसतो का? तीन, त्याच्या घरच्या माणसाचा फोन नंबर माझ्याकडे आहे का? तिसरी ओळ रिकामी राहिली, तर आजच त्याच्याजवळ बसा, एक चहा घ्या आणि विचारा.

मशीन पुन्हा घेता येते, मित्रांनो. मशीनवर बसलेला माणूस कुणाच्या तरी घरचा कर्ता आहे. धंदा करायचा तर त्याची जबाबदारी घेऊनच करायचा.

तुमचा हिशेब काय आला ते कमेंटमध्ये नक्की लिहा. पुढच्या भागात भेटू, मशीनच्या भाडे करारात कोणती कलमं हवीत ते बघायला. तोवर काळजी घ्या, स्वतःची आणि आपल्या माणसांची!